सपाट माप

दिपमालाने माझ्यापुढे खांदा उघडा केला तेव्हा मला प्रथम तिच्या आजोबांची आठवण झाली, आणि मग राग आला.

बंदुकीचा दस्ता जिथे टेकतो ती जागा निळी-काळी पडली होती, कडेने पिवळी झाली होती. तो रंग मला नवा नाही. संसाराच्या आरंभी मी तो रंग गरम तेलाने चोळला आहे.

"कधीपासून आहे हे?" मी विचारले.

"चालूच असतं, अक्का. एक डाग उतरतो तोवर दुसरा चढतो."

आमच्या घरात मला सगळेच अक्का म्हणतात. माझा मुलगा दीपक म्हणतो, त्याची ही मुलगी म्हणते, पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीतला किराणा दुकानदारही म्हणतो. दिपमाला उडत्या तबकड्यांवर बंदूक चालवण्याचा खेळ खेळते. मातीची तबकडी यंत्रातून आकाशात सुटते आणि ती खाली येण्याआधी फोडायची असते. मुलगी हुशार आहे. राज्याच्या संघापर्यंत पोहोचली. परंतु अलीकडे बार उडण्याच्या क्षणीच तिचा डोळा मिटू लागला होता. खांद्याला दणका ठाऊक झाला की डोळा आपणहून मिटतो, त्याला शिकवावे लागत नाही. तिच्या प्रशिक्षकाने स्पष्ट सांगितले होते की बाजारातली काडतुसे तुझ्या अंगाला जड जातात. हलकी भरलेली मिळव, नाहीतर हा खेळ सोड. दिवाळीनंतर निवडीची चाचणी होती.

हवी तशी हलकी काडतुसे तिला खात्रीने मिळत नव्हती. ती घरी भरता येतात. त्यासाठी लागणारी सरकारी परवानगी तिने स्वतः खेटे घालून मिळवली होती. उरली होती घरची परवानगी. दीपक तिला म्हणाला होता, "अक्कांनी हो म्हटलं तर घरात दारूगोळा येईल. नाही म्हणाल्या तर बंदूक विकून टाकायची आणि विषय बंद."

म्हणून ती खांदा उघडा करून माझ्यापुढे बसली होती आणि दुसऱ्या हाताने मोबाइलवर काडतुसे भरायच्या यंत्रांची चित्रे सरकवत होती.

"हे बघा अक्का, काडतूस म्हणजे एक पुंगळी असते. तिच्या बुडाशी ठिणगीची टोपी, मग आत दारू, मग..."

"मग चकती, मग छर्रे, आणि मग तोंड बंद," मी म्हणाले. "माळ्यावरची हिरवी पेटी खाली काढ."

तिचा अंगठा मोबाइलवर तसाच थांबला. दीपक दारातून म्हणाला, "तुला सांगायचं राहिलं, बेटा. चोपड्याला असताना तुझ्या नानाआजोबांची सगळी काडतुसं अक्काच भरायच्या."

"राहिलं?" दिपमाला बापाकडे वळली. "मी तीन महिने इंटरनेटवर डोकं फोडते आहे, आणि तुमचं सांगायचं राहिलं?"

पेटी खाली आली. यजमान गेल्यावर बंदूक रीतसर जमा केली होती, पण हे सामान मी कोणाला दिले नव्हते. जीवराम सुताराने सागवानी फळीला गोल भोके पाडून केलेला पाट त्यात होता. त्या भोकांत रिकामी काडतुसे ओळीने उभी राहत. चकती दाबायची लाकडी ठोकणी होती. जुन्या घोंगडीतून चकत्या कापायची पोलादी नळी होती. आणि फडक्यात गुंडाळलेले पितळेचे माप होते, अंगठ्याएवढे, लांब दांड्याचे. दारू मोजायची ती या मापाने.

मी ते माप हातात घेतले. इतक्या वर्षांनीही त्याचा दांडा माझ्या बोटांत बरोबर बसला.

"काडतुसे या घरात भरली जातील," मी म्हणाले. "यंत्र कोणते घ्यायचे ते मी येऊन ठरवीन. आणि दारू या मापाने मोजली जाईल."

"अक्का, पण नवीन यंत्रांत..."

"या मापाने."

"बरं," दिपमाला म्हणाली. माझा शब्द ती मोडत नाही. हे तिचे वळण मीच लावले आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे.

आता त्या मापाविषयी सांगितले पाहिजे.

चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचा केळीचा मळा. डुकरांचा कळप एकदा बागेत शिरला की सकाळी केळीचे खांब जमिनीवर आडवे. पिकाच्या राखणीसाठी सासऱ्यांकडे परवान्याची बाराबोर होती. बहुतेक बार हवेतच काढायचे, आवाजानेच जनावर माघारी फिरत असे. त्या काळी पितळी काडतूस फेकून देत नसत. झाडलेले काडतूस पुसून, नवी टोपी बसवून घरीच पुन्हा भरत. मी लग्न होऊन आले तेव्हा ते काम यजमानांकडे होते.

यजमानांचा हात शिगेचा. आमच्या खळ्यावर मजुरांना दादर ज्वारी मोजून देत. पायली भरायची, वर दोन्ही हातांनी टोपलीएवढी शीग लावायची आणि शीग ढासळण्याआधी पुढच्याच्या धोतराच्या ओच्यात रिकामी करायची. माप सपाट करून देणाऱ्या घराकडे कापणीला माणूस फिरकत नसे. यजमान त्या खळ्यावर वाढलेले. पाहुण्याला गूळ देतील तो शिगेने, बैलाला सरकी घालतील ती शिगेने. बंदुकीची दारूही त्यांनी तशीच मोजली. माप कडेपर्यंत भरायचे आणि वर चिमूटभर आणखी. कोणाला कमी द्यायचे नाही, काडतुसालाही नाही.

बंदूक त्यांना रोज लाथ मारी. खांदा निळा होई. रोज सकाळी मी तेल गरम करी आणि ते म्हणत, "आबांना सांगू नको."

मी सांगितले नाही. आबा म्हणजे माझे सासरे. पण एके दिवशी विहिरीवर अंघोळ करताना त्यांनी मुलाचा खांदा पाहिला. ओल्या अंगानेच यजमानांना ओट्यावर बोलावले आणि माझ्यासमोर एक काडतूस भरायला लावले. यजमानांनी माप भरले, वर शीग लावली. आबांनी ते त्यांच्या हातातून काढून घेतले.

"हाई दारू शे, दादर नही," ते म्हणाले. "खळावरना हात खळावर ठेव."

मग माप माझ्यापुढे धरले. मी घाबरले नाही. मी माप भरले, बांबूच्या कामटीने कड सरळ कापली आणि एक कणही वर ठेवला नाही. आबांनी ते उजेडाकडे धरून पाहिले.

"तुना हात सपाट शे. आजपासून तूच भर."

सुनेच्या हाती बंदुकीची दारू देणारा दुसरा सासरा त्या काळी आमच्या पंचक्रोशीत नव्हता. गावात लोक हसले. आबांनी हसणाऱ्यांना विचारले, तुमच्या काडतुसांपैकी किती फुसकी निघतात? माझ्या हातचे एकही निघाले नाही, पुढे कधीही.

आबांचा दुसरा नियम असा होता की भरताना बोलायचे नाही. भर उजेडात, ओट्यावर, चूल विझवून बसायचे. कोणी बोलले, आपण मान वर केली, तर हातातले काडतूस पूर्ण रिकामे करायचे आणि पहिल्यापासून भरायचे. दारू घातली होती की नव्हती, हा प्रश्न मनात उरता कामा नये.

यजमानांना हा नियम फार आवडे, कारण तो मोडता येई. पायरीवर येऊन बसत आणि अगदी गंभीरपणे विचारत, "आज भरीत शे का?"

मी काडतूस रिकामे करी. पुन्हा भरू लागे.

"नाही, मी काय म्हणतो, वांगी हिरवी आणली शेत की जांभळी?"

मी पुन्हा रिकामे करी. आतून आबा खाकरत. यजमान उठून जात, आणि थोड्या वेळाने मागच्या दाराने परत येऊन विचारत की भाकरी कळण्याची की ज्वारीची. मी त्यांच्यावर रागावत असे. तो राग खरा होता, असे मला तेव्हा वाटे.

ते माप धुळ्याच्या शकील मिस्त्रींनी घडवले होते. आबांची बंदूकही त्यांच्याकडेच दुरुस्तीला जाई. आता त्यांचा नातू हसनैन आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत दुकान चालवतो. नेमबाजांचे परवान्याचे सामान तो मागवून देतो. पुढच्या रविवारी दिपमालाने गाडी काढली आणि आम्ही दोघी एरंडोल, पारोळा करत धुळ्याला गेलो. पेटीतला पाट आणि फडक्यातले माप मी मांडीवर घेऊन बसले होते.

"मागच्या सीटवर ठेवा ना अक्का, मांडी अवघडेल."

"तू रस्त्याकडे बघ."

हसनैन उंच, हसरा, बोलण्यात चलाख. मला पाहताच खुर्ची पुसून पुढे केली. "या अक्का. माझ्या आजोबांच्या तोंडी तुमच्या घरचं नाव असायचं. चोपड्याहून केळी यायची म्हणे टोपलीभर."

"बिल करताना आठवण ठेवा त्या केळ्यांची," दिपमाला म्हणाली.

"केळी आजोबांनी खाल्ली, ताई. मला सालं पण नाही मिळाली."

त्याने प्रथम मोठे यंत्र पुढे आणले. चकचकीत, वर दोन नळकांडी, खाली फिरती थाळी. त्याने दांडा ओढून दाखवला. एका ओढीत सगळी कामे एकदम व्हायची; टोपी बसायची, दारू पडायची, छर्रे पडायचे, तोंड बंद व्हायचे आणि तयार काडतूस घसरत ट्रेमध्ये यायचे. दिपमालाचे डोळे चमकले. लहानपणी जत्रेतल्या पाळण्यापुढे ती अशीच उभी राहायची.

"हे बघा अक्का, तासाभरात आठवड्याचं काम."

"आत किती दारू पडली ते दिसते कुठे?" मी विचारले.

"दिसायची गरजच नाही, अक्का," हसनैन म्हणाला. "मशीन मोजतं."

"आणि चुकले तर मशीनचा खांदा दुखतो का?"

हसनैनने दिपमालाकडे पाहिले. दिपमाला म्हणाली, "मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं ना, अक्का येणार आहेत म्हणून."

"नवशिक्यांनी यावर हात बसवू नये, हे खरं आहे," तो ओशाळून म्हणाला. "पण सगळ्यांना हेच हवं असतं, म्हणून हेच आधी दाखवतो."

मग त्याने साधे यंत्र काढले. एका वेळी एकच काडतूस, एका वेळी एकच काम. दारू पडल्यावर काडतूस उघडे उभे राहते, आत डोकावून पाहता येते आणि मगच पुढे जाता येते. मी चष्मा लावून रिकाम्या पुंगळीत पाहिले. तळ दिसला.

"हे," मी म्हणाले.

"पण अक्का, याला किती वेळ लागेल..."

"तुला घाई कसली आहे? काडतुसे भरायची आहेत की लाडू वळायचे आहेत?"

मी जीवरामचा पाट पुढे ठेवला. हसनैनने एक प्लास्टिकची नवी पुंगळी उचलून त्याच्या भोकात ठेवली. ती अलगद आत बसली आणि ताठ उभी राहिली. "बाराबोर ती बाराबोर," तो म्हणाला. "अक्का, हा पाट ठेवा. माझ्याकडचा प्लास्टिकचा ट्रे घेऊ नका, तो हलतो." मला बरे वाटले, पण ते मी दाखवले नाही.

मग दिपमालाने फडके सोडून माप त्याच्यापुढे ठेवले. "आणि दारू याने मोजायची आहे. त्यामुळे यंत्राचं माप नको."

हसनैनने ते उचलले, उलटे केले. बुडाशी शकील मिस्त्रींची खूण होती, छोटी चंद्रकोर आणि एक टिंब. त्याने त्यावरून अंगठा फिरवला. मग त्याने माप माझ्या दिशेने ठेवले, दिपमालाच्या नव्हे.

"अक्का, तुम्ही काळी दारू भरायचात ना? धूर व्हायचा, वास यायचा?"

"अर्थात."

"हे माप त्या दारूचं आहे. आता ताई भरणार ती बिनधुराची दारू. तिची ताकद कितीतरी जास्त. हे माप त्या दारूनं भरलं, अगदी सपाट भरलं, तरी बंदुकीची नळी फुटेल. तोंडाजवळ."

मी मापाच्या कडेवरून बोट फिरवले.

माझ्या स्वयंपाकघरात भाजीला तिखट घालायचा चमचा ठरलेला आहे. ज्या वर्षी लवंगी मिरची घरात येते त्या वर्षी मी तो चमचा बाजूला ठेवते. कोणाला विचारावे लागत नाही. चमचा तोच, हात तोच, मिरची बदलली. नव्या सुनांना मी हे पहिल्याच महिन्यात सांगते. हसनैनने पुढे समजावायला तोंड उघडले, पण मला ते ऐकायची आवश्यकता नव्हती.

मी दिपमालाकडे पाहिले. ती मापाकडे पाहत होती. आठ दिवसांपूर्वी मी हुकूम दिला होता आणि ती "बरं" म्हणाली होती. तिने नवी दारू आणली असती, ओट्याच्या उजेडात बसली असती, कामटीने कड कापली असती आणि माझा शब्द तंतोतंत पाळला असता. नंतर बंदूक गालाला लावली असती.

"दारू तोलायला तुझ्याकडे काय आहे?" मी हसनैनला विचारले.

"काटे आहेत, अक्का. बॅटरीचा आहे, दांडीचा आहे."

"आण."

त्याने दोन्ही आणले. बॅटरीचा काटा जळगावच्या सराफाकडे असतो तसा, लहानसा, आकडा दाखवणारा. दांडीचा काटा जुन्या घाटाचा. वजन बरोबर होईपर्यंत दांडी डुलत राहते आणि मग थांबते. मला दांडीचा आवडला. दिपमाला म्हणाली, बॅटरीचा. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले.

"दोन्ही बांध," मी म्हणाले. "एकाने तोलायचे, दुसऱ्याने तपासायचे. आणि किती तोलायचे ते दारूच्या कंपनीच्या छापील पुस्तकातच पाहायचे. यूट्यूबवर नाही, आणि माझ्या तोंडूनही नाही."

दिपमालाने माप फडक्यात गुंडाळले. ते तिने माझ्या हाती दिले नाही. स्वतःच्या पर्समध्ये ठेवले आणि चेन लावली. परतीच्या वाटेवर पारोळ्याला तिने चहासाठी गाडी थांबवली आणि विचारले, "नाना मुद्दाम बोलायचे का हो, तुम्ही भरत असताना?"

"कोणी सांगितले तुला?"

"बाबांनी. आता सगळं आठवतंय त्यांना."

तेव्हा मी तिला सगळे सांगितले, हिरव्या वांग्यांपासून कळण्याच्या भाकरीपर्यंत. ती इतकी हसली की चहावाला आमच्याकडे पाहू लागला.

पहिल्या दिवशी भरायला बसलो ते गच्चीलगतच्या खोलीत, सकाळच्या उजेडात. गॅस मी स्वतः बंद करून आले. यंत्र टेबलाला घट्ट बसवले होते. मधोमध जीवरामचा पाट, त्यात पुंगळ्या ओळीने उभ्या. दिपमाला दारू तोलत होती. मी समोर बसून दुसऱ्या काट्यावर तपासत होते आणि उघड्या पुंगळीत डोकावून मान हलवत होते. मान हलल्याशिवाय तोंड बंद करायचे नाही, असे ठरले होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मला तळ स्वच्छ दिसतो.

तिचा हात मी पाहत होते. आजोबांची बोटे तिच्याकडे आली आहेत, लांब आणि उदार. घरी पाहुणे आले की ताटात साखरभात तीच वाढते, शिगेने. मला धाकधूक होती. परंतु काट्याच्या पारड्यात तिने जास्तीचा एक दाणा पाहिला की चिमट्याने उचलून परत टाकत होती.

तेवढ्यात दार ढकलून दीपक आत आला. त्याला नियमाची आठवण राहिली नव्हती, किंवा राहिली असेल.

"अक्का, बाजारात भरिताची वांगी आली आहेत, हिरवी. आणू का?"

दिपमालाने मान वर केली. बापाकडे पाहून हसली. मी आबांसारखी खाकरलेही नाही. फक्त तिच्या हाताकडे पाहत राहिले.

तिने हातातली पुंगळी उलटी केली, आतली दारू कागदावर काढली, पुंगळी फुंकून उजेडाकडे धरली आणि पहिल्यापासून तोलायला घेतले.

"आण," मी दीपकला म्हणाले. "आणि दार ओढून घे."

पुढच्या शनिवारी ती काडतुसे घेऊन आम्ही धुळ्याजवळच्या माळावरच्या रेंजवर गेलो. मीही गेले, कोणी बोलावले नव्हते. पिशवीत जवसाच्या तेलाची बाटली, जुने धडपे आणि थर्मासमध्ये गरम पाणी. तेल तिथे कोमट करता यावे म्हणून.

मी खुर्चीवर सावलीत बसले. दिपमालाने बंदूक खांद्याला लावली आणि तबकडी सोडायची हाक दिली. तबकडी सुटली. बार उडाला तो मला परका वाटला, कारण धूर झाला नाही आणि तो वासही आला नाही. पण खांदा मागे गेला तो नेमका तितकाच गेला, जितका आबांच्या ओट्यावरून सपाट भरलेली काडतुसे घेऊन शेतात निघालेल्या माणसाचा जायला हवा होता. मी तबकड्यांकडे पाहत नव्हते. मी तिच्या डोळ्याकडे पाहत होते. तो उघडा होता. पुढच्या बारालाही, आणि त्याच्या पुढच्याही.

फेरी संपली. बंदूक सांध्यातून उघडून हातावर टाकून ती माझ्याकडे चालत आली. येताना खांद्यावर हात गेला नाही. मी वाट पाहिली. शेजारच्या बाकावर बसून तिने डबा उघडला आणि भरिताचा घास घेतला.

"चुकल्या काही," ती म्हणाली. "पण डोळा मिटला म्हणून नाही. घाई केली म्हणून."

"घाईवर औषध नाही माझ्याकडे."

ती पिशवीकडे पाहत होती. "तेल आणलंय?"

"आणले आहे."

"अक्का, दुखत नाहीये. खरंच."

थर्मासमधले पाणी अजून गरम असेल, हे मला ठाऊक होते. यजमान असेच, दुखत नाही म्हणत. तेव्हा ते खोटे असायचे आणि मी तेल लावत असे.

"विचारले नाही मी," मी म्हणाले. "खांदा पुढे कर."

तिने डबा बाजूला ठेवला आणि खांदा पुढे केला.